मेरीसव्हिलचा वकील

ती. बाबांना शि. सा. न.

शनिवारी फोन का उचलला नाही विचारत होतात ना, तर इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या मेरीसव्हिलला गेले होते, युबा सिटीहून फेदर नदीचा पूल ओलांडला की लगेचच. एवढंसं गाव, भोवती पुरासाठी मातीचा बांध, बांधाला लागून ‘बोक काय’ नावाचं जुनं चिनी देऊळ. इथे स्टीफन फील्ड नावाचा वकील होता, त्याचं वाचलं आणि म्हटलं बाबांना लिहायलाच पाहिजे.

१८४९ च्या डिसेंबरात हा सॅन फ्रान्सिस्कोला बोटीतून उतरला तेव्हा खिशात १० डॉलर, ट्रंका वाहून न्यायलाच ७ गेले, नाश्त्याला २, उरला १! मग न्यूयॉर्कहून आणलेले पेपर डॉलरला एक असे विकले. जानेवारीत मेरीसव्हिलला आला आणि पैसे नसतानाच ६५ प्लॉट १६,२५० डॉलरला स्वतःच्या नावावर लिहून घेतले (तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत), लोकांना वाटलं बडी असामी, दोनतीन दिवसांत अल्काल्दे म्हणून निवडूनच दिलं, म्हणजे सरपंच आणि न्यायाधीश एकातच. तुरुंग नव्हता, चोराला नुसतं सोडलं तर जमाव फासावर चढवणार, म्हणून हा चाबकाचे फटके सुनवायचा. पुढे एका जज्जाशी असं वाजलं की त्याने सनद काढून घेऊन यालाच आत टाकलं.

मला आवडलं ते वेगळंच. आमदार झाल्यावर त्याने १८५१ च्या कायद्यात कलम घातलं की सोन्याच्या खाणीवरच्या लोकांनी आपापसात ठरवलेले नियम कोर्टाने मानायचे. तुमच्या त्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांच्या भांडणांची आठवण झाली. १८५७ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टावर निवडून आला, १८६३ ला लिंकनने थेट वॉशिंग्टनला, देशाच्या सुप्रीम कोर्टावर नेला.

तिथे गेल्यावरही इकडच्या केसेस चालवायचाच. तुरुंगात चिनी माणसाची वेणी (तेव्हा त्यांचे पुरुषही ठेवायचे) कापली म्हणून १८७९ ला त्याच्या बाजूने निकाल दिला. आणि याच माणसाने दहा वर्षांनी काय लिहावं! एक चिनी कामगार १२ वर्षं इथे राबून घरी जाऊन परत येत होता, परतीचा सरकारी दाखला हातात, बोट समुद्रात असतानाच कायदा बदलला, बंदर गाठलं तर दाखला रद्द होऊन जेमतेम आठवडा झालेला. फील्डने निकाल लिहिला, सरकारला तो अधिकार आहे, जा परत. एकाही जज्जाने विरोध केला नाही. मी दोनदा वाचलं ते.

आईला सांगा दिवाळीचं तिकीट अजून काढलं नाहीये, आधी व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळू दे. चकल्या कुरिअरने पाठवल्या तरी चालतील.

तुमची,
छोटी