दहा मिनिटं उभं राहून बघू

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले," आणि मी पटकन म्हणालो, "चला, बरं झालं!" तू गप्प झालीस. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. कोविड होऊन गेला तरी आंघोळ केल्यावर तासभर आडवं व्हावं लागतं आणि कागद म्हणतो की तुला काही झालेलं नाही, यात बरं काय होतं?

आणखी एक चूक कबूल करायची आहे. रोज थोडं थोडं चाल म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो. चाललीस त्या दिवशी तू ठीक असायचीस, तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायचीस. मला वाटायचं, चालणं बंद केलं म्हणून. खरं तर श्रमांचा फटका या आजारात, म्हणजे लाँग कोविडमध्ये (कोविड होऊन गेल्यावरही रेंगाळणाऱ्या त्रासात), बऱ्याचदा १२ ते ७२ तासांनी बसतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या रुग्णांना सायकल चालवायला लावली आणि त्याआधी व नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे तुकडे तपासले. व्यायामानंतर स्नायूंतली इजा वाढलेली होती. २०२४ साली ते छापून आलं. तू आळशी नव्हतीस, एवढं मला त्यातून कळलं. (तुझ्या आईला हे आधीच कळलं होतं, त्याला छापील पुरावा लागला नाही.)

आता 'कोविडनंतरचा थकवा' एवढ्यावर समाधान मानायचं नाही. कुणाला धाप लागते, कुणाला शब्द आठवत नाहीत; तुला उभं राहिलं की धडधडतं. मग डॉक्टरांना तेच तपासायला सांगू: आधी आडवं झोपवून नाडी आणि बीपी, मग उभं करून दहा मिनिटं पुन्हापुन्हा. बीपी न पडता नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर 'पॉट्स' (उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा विकार) असू शकतं. त्यावर उपाय आहेत: पाणी, मीठ, पायांना घट्ट मोजे, गरज पडली तर नाडी आवरणारं औषध. मीठ मात्र स्वतःहून वाढवू नकोस. थायरॉइड, लोह, बी १२ यांची तपासणी झाली आहे का, तेही विचारू. झोपेचंही विचारायचं आहे.

मूळ आजार मुळासकट उपटणारं औषध अजून नाही. पॅक्सलोविड हे कोविडच्या विषाणूवरचं औषध १५ दिवस देऊन पाहिलं, त्या चाचणीतही फरक पडला नाही. तेव्हा मी कौतुकानं पाठवलेल्या त्या महागड्या पावडरी टाकून दे. त्यांचं नाव मी पुन्हा काढणार नाही.

तू फक्त वही ठेव. झोप, नाडी, काय केलं आणि दोन दिवसांनी कसं वाटलं. वाचन, भांडण, लांबलेला फोन हेही श्रमच, तेही लिही. दोन ओळी पुरेत. लिहूनच दमलीस तर काय उपयोग! 'लाँग कोविड' हे नाव २०२० मध्ये रुग्णांनीच आधी वापरलं, जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. त्यामुळे तुझ्या वहीतलं काही डॉक्टरांना नवीन वाटलं, तर बिचकू नकोस.

मंगळवारी मी गाडी घेऊन येतो. आत तुझ्याबरोबर बसू की बाहेर थांबू, ते तू ठरव. पत्राचं उत्तर नको, नुसता अंगठा पाठव.

तुझा,
बाबा