चुकांची वही ज्याची त्यानेच पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली काही शाळांत खरेपणा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा अशा मूल्यांचे तक्ते वर्गाच्या भिंतीवर लावून मुलांच्या नावापुढे तारे चिकटवले जातात, आणि पालकही मोबाइलमधील ॲपवर स्वतःच्या चांगल्या सवयींची नोंद करून ती चारचौघांत मिरवतात. नोंद ठेवण्यास माझा विरोध नाही. परंतु ती कशाची आणि कोणासाठी, याचा विसर पडतो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण अठराव्या शतकातील अमेरिकन मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांचे. फिलाडेल्फियात छापखाना चालवत असताना ऐन तारुण्यात त्यांनी मिताहार, मितभाषण, सुव्यवस्था, काटकसर, न्याय असे १३ गुण ठरवून एका छोट्या वहीत तांबड्या शाईने वारांचे ७ रकाने आणि गुणांच्या १३ ओळी आखल्या. गुण साधला म्हणून खूण करायची नाही, चूक झाली की काळा ठिपका द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. विशेष लक्ष आठवडाभर एकाच गुणावर. त्यामुळे १३ आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात ४ फेऱ्या होत. जुने ठिपके खरवडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्यांनी पुसता येणारी हस्तिदंती पाने वापरली. सुव्यवस्था मात्र त्यांना शेवटपर्यंत जमली नाही, आणि हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे.

अर्थात, वही खासगी असावी म्हणजे दुसऱ्याचे ऐकूच नये, असे नव्हे. फ्रँकलिन यांच्या यादीत आधी १२ च गुण होते. तुम्ही गर्विष्ठ वाटता, असे क्वेकर या ख्रिस्ती पंथातील एका मित्राने सुनावल्यावर त्यात नम्रतेची भर पडली. न्याय तर यादीत पहिल्यापासून होता, तरी पुढे त्यांच्या घरी गुलाम राबत होते. जे आपल्याला चूक वाटतच नाही, त्याचा ठिपका कोण देणार? गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले ते १७८७ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर.

भिंतीवरच्या तक्त्यात यातले काहीच साधत नाही. तिथे चूक लपवण्यातच शहाणपण ठरते, आणि खरेपणाचा तारा मिळवण्यासाठी मूल बेधडक खोटे सांगते. शाळांनी हे तक्ते उतरवून मुलांना एकेक छोटी वही द्यावी, आणि शिक्षकांनी ती तपासायला मागू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा