सॉल्सबरीहून पत्र

सॉल्सबरी, इंग्लंड, ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,

मंजिरीचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. आम्ही तिघेही खुशाल आहोत, तेव्हा प्रकृतीची काळजी नसावी. ईशा इथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चच्या, गानवृंदात गाऊ लागल्यापासून आईच्या जिवाला घोर लागला आहे, असे रोहनने फोनवर सांगितले. म्हणून आज बाकीच्या गोष्टी बाजूला ठेवते आणि आपली नात ज्यांच्या हाताखाली शिकते आहे ती माणसे कोण आणि ती नेमके काय करतात, तेवढेच लिहिते.

या सगळ्यांच्या वर संगीत संचालक असतात. गानवृंदासमोर उभे राहून हात हलवणारे गृहस्थ, एवढेच त्यांचे काम असेल असे मलाही पूर्वी वाटायचे. पण कोणत्या दिवशी कोणत्या शतकातली रचना गायची हे प्रिसेंटर या पदावरच्या धर्मगुरूंशी बोलून कितीतरी आधी ठरवणे, नव्या मुलांचे आवाज पारखणे, त्यांना तयार करणे आणि मोठ्या गायकांची घडी बसवणे हे सगळे त्यांच्याकडेच असते. त्यांच्या हाताखाली सहायक संचालक असतात, जे बहुतेक वेळा ऑर्गन वाजवतात आणि गरजेप्रमाणे मुलांनाही शिकवतात. शिवाय ऑर्गन स्कॉलर म्हणून एखादा तरुण वादक काही काळासाठी येतो आणि या दोघांच्या नजरेखाली तयार होतो. मुलांचे आवाज वरच्या पट्टीचे, त्यामुळे खालचे सूर मोठी माणसे सांभाळतात. त्यांना इथे ले व्हिकर म्हणतात. त्यांच्यातले काही जण दिवसा दुसरीकडे नोकरी किंवा शिकवण्या करतात आणि संध्याकाळी वेळेवर येऊन उभे राहतात. त्यांच्याकडे पाहिले की मला मनापासून आदर वाटतो.

आईने विचारले आहे, मुलीला रागावतात का, घशावर ताण देतात का. अजिबात नाही. सकाळी शाळेच्या आधी तालीम असते, ती आम्हाला एकदा बसून पाहू दिली. संचालक पियानोवर एक सूर देतात, मुली ओळ गातात, आणि जिचे चुकले तिने आपणहून क्षणभर हात वर करायचा. हात वर झाला म्हणजे चूक कळली, ती पुढच्या वेळी दुरुस्त होईल, असा त्याचा अर्थ. गाणे थांबत नाही, कोणी कोणाकडे वळून पाहत नाही, आणि संचालकही चकार शब्द काढत नाहीत. त्यांचा सारा भर श्वासावर आणि शब्दाच्या शेवटच्या व्यंजनावर असतो, कारण एवढ्या मोठ्या दगडी इमारतीत प्रत्येक सूर घुमत राहतो आणि सगळ्यांनी व्यंजन एकाच क्षणी सोडले नाही तर ऐकणाऱ्याला नुसता सुस्कारा ऐकू येतो. ईशा अजून शिकाऊ उमेदवार आहे, म्हणून तिला पांढरा झगा मिळालेला नाही. शेजारची मोठी मुलगी स्वतः गाता गाता तिच्या कागदावर बोटाने ओळ दाखवत जाते, आणि खरे शिक्षण मला वाटते त्या बोटातूनच होते.

बाबा, तुम्हाला ऑर्गनबद्दल कुतूहल असणार. इथला ऑर्गन हेन्री विलिस यांनी १८७७ मध्ये बांधला. त्याला हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या चार ओळी आहेत आणि पायांनी वाजवायची एक वेगळी, आणि त्याची सर्वांत लांब नळी सुमारे ३२ फुटांची आहे. वादक गायकांच्या वर, उंचावर बसतो, त्यामुळे संचालकांचा हात त्याला छोट्या पडद्यावरच पाहावा लागतो. त्यातही नळ्या दूरवर पसरलेल्या असल्याने पट्टी दाबल्यावर सूर खाली पोचायला किंचित वेळ जातो, म्हणून त्याला स्वतःच्या कानावर फार विश्वास न ठेवता हाताच्या खुणेवर जावे लागते. ते बसून ऐकावे असे तुमचेच काम आहे, असे मला सारखे वाटते.

इथली एक रीत मात्र मला कितीतरी दिवस उमगली नव्हती. संध्याकाळच्या प्रार्थनेला, म्हणजे इव्हनसाँगला, स्तोत्रे, मॅग्निफिकॅट हे मरियेचे स्तुतिगीत आणि त्यानंतरची मोठी रचना असा पाऊण तास अप्रतिम गायन होते आणि शेवटी कोणीही टाळी वाजवत नाही. सुरुवातीला मला वाटले, आवडले नसेल. मग वाटले, थंडीमुळे हातमोजे असतील. पण तसे काही नाही. गायक रांगेने येतात, गातात, रांगेने जातात, आणि त्यानंतर ऑर्गनवर एखादी रचना वाजते तेव्हा अर्धे लोक उठून निघालेलेही असतात. त्यात कोणाचा अपमान नसतो आणि कोणी तो करूनही घेत नाही. कारण हे गाणे बाकांवर बसलेल्यांसाठी नसतेच मुळी. एखाद्या पावसाळी दिवशी समोर मोजकी माणसे असली तरी तयारी तेवढीच, कपडे तेच, सूरही तोच. बाबा, तुम्ही पहाटे पूजा करता ती कोणी पाहते म्हणून नाही, तसेच हे आहे. तेच संचालक एखाद्या तिकिटाच्या मैफलीत उभे राहिले की तिथे मात्र हेच लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. ही परंपरा एकदा तुटलीही होती: सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीत कॅथेड्रलांमधले गानवृंद बंद पडले आणि १६६० मध्ये राजा परतल्यावर ते नव्याने उभे करावे लागले. म्हणूनही असेल, पण एकही दिवस चुकवायचा नाही, याबद्दल ही माणसे फार कडक आहेत.

धर्माबद्दल तुम्ही लिहिलेत. आम्ही प्रवेशाआधीच स्पष्ट विचारून घेतले आहे. तिने प्रार्थनेचा मान राखावा एवढीच अपेक्षा आहे, धर्म बदलण्याचा विषयही नाही. घरी ती रोज शुभंकरोति म्हणते, आणि आता सुरात म्हणते. मुलीच्या जातीला तिथे दुय्यम वागवतील ही शंकाही मनातून काढून टाका. शतकानुशतके इथे फक्त मुलगे गायचे हे खरे, पण १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र गानवृंद सुरू करणारे हे इंग्लंडमधले पहिले कॅथेड्रल, आणि त्याच वर्षापासून मुलींना मुलग्यांच्या बरोबरीने उभे करणे हे इथल्या संचालकांच्या कामाचाच भाग झाले.

आता जे लिहायला जड जाते ते लिहिते. रोहनचा मुहूर्त डिसेंबरच्या मध्यावर धरला आहे, आणि गानवृंदासाठी वर्षातला सर्वांत कामाचा काळ नेमका तोच. नाताळच्या सकाळची प्रार्थना होईपर्यंत मुलींना सुटी मिळत नाही. विनंती करून पाहावी असे अजित म्हणाले, पण एका मुलीला सोडले तर बाकीच्यांनी का थांबावे, हे आम्हालाच कळत होते, म्हणून विचारले नाही. मी एकटी लग्नाला येईन, करवलीचा मान सोडणार नाही. अजित आणि ईशा इथेच राहतील. आई, तिच्यासाठी घेतलेला परकर-पोलका मी परतताना इकडे घेऊन येईन. तू मनाला लावून घेऊ नकोस, एवढेच मागणे.

हॉलच्या पैशांपैकी अर्धी रक्कम या आठवड्यात बाबांच्या खात्यात जमा होईल. गाणाऱ्या मुलांना शाळेच्या फीमध्ये सवलत मिळते, तरी उरलेली फी आम्हाला जड जाते आहे, म्हणून बाकीचे पैसे नोव्हेंबरच्या पगारानंतर पाठवते. तोवर काकांकडून उसने घेऊ नका, मी हॉलवाल्यांशी स्वतः बोलेन. ईशाच्या न येण्याबद्दल रोहनला तुम्ही काही सांगू नका; ते मीच रविवारी फोनवर सांगते.

तुमची,
मंजिरी