पतसंस्थांची ॲप : ‘एक आकडा’ बदलून भागत नाही

संपादक महोदय,

पतसंस्थेचे ॲप संचालकांच्या फोनवर व्यवस्थित चालते. नवा फोन घेतलेल्या सभासदाला मात्र प्ले स्टोअर सांगते, की हे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी बनवलेले आहे. शाखेत यावरून वाद झाला तर दोघेही खरेच बोलत असतात. ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवले आहे ते सांगणारा आकडा म्हणजे टार्गेट एपीआय. तो ३४च्या (अँड्रॉइड १४च्या) खाली असलेले ॲप ३१ ऑगस्ट २०२५पासून ॲपच्या टार्गेटहून नवे अँड्रॉइड असलेल्या फोनवर नव्याने घेता येत नाही. ज्यांनी आधी घेतले आहे, त्यांना ते दिसत राहते. अपडेट चढवायचे तर त्याच तारखेपासून किमान टार्गेट ३५ लागतो, म्हणजे अँड्रॉइड १५.

‘मग तेवढा एक आकडा बदला,’ असे ठेकेदाराला सांगितले जाते. अडचण तिथूनच सुरू होते. रिॲक्ट नेटिव्ह या फ्रेमवर्कवर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवणाऱ्या सांगाड्यावर) बेतलेल्या ॲपचे उदाहरण घेऊ. टार्गेटबरोबर कंपाइल एसडीके, म्हणजे ॲप बांधताना वापरायचा अँड्रॉइडचा संच, ३५ करावा लागतो. त्याला अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८.६ हवे, त्या प्लगिनला ग्रेडल (ॲप बांधण्याचे साधन) ८.७ आणि जावा १७. प्लगिनच्या ८व्या मालिकेपासून प्रत्येक लायब्ररीने (ॲपमध्ये जोडलेल्या तयार कोडने) स्वतःचा नेमस्पेस, म्हणजे वेगळे ओळखनाव, जाहीर करणे सक्तीचे आहे. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली लायब्ररी, बहुधा थर्मल प्रिंटरची, नेमकी इथे बिल्ड (ॲपची बांधणी) अडवते. तिच्या मॅनिफेस्ट या माहिती-फाइलमधले पॅकेजचे नाव उचलून ग्रेडल फाइलमध्ये नेमस्पेसची एक ओळ घातली की बिल्ड पुढे सरकते. पण हा बदल पॅच-पॅकेज या साधनाने जतन करून ठेवायला हवा; नाहीतर नोड मॉड्यूल्स (लायब्ऱ्यांचा फोल्डर) पुन्हा उतरवताच तो पुसला जातो.

बिल्ड झाले म्हणजे ॲप चालले असे नव्हे. टार्गेट ३०वरून थेट वर नेला असेल, तर प्रिंटरशी जोडणीसाठी लागणारी ब्लूटूथ कनेक्टची परवानगी फोनधारकाकडून चालू ॲपमध्ये मागावी लागते. ती न मागितल्यास पिग्मी एजंटाने पैसे घेतले, नोंद झाली, तरी पावती छापताना ॲप बंद पडते. अँड्रॉइड १५वर स्क्रीन कडेपर्यंत पसरते, त्यामुळे तळाचे ‘जमा करा’ बटण नेव्हिगेशन पट्टीखाली दबते. हे दोन्ही दोष संगणकावरच्या एम्युलेटरवर (आभासी फोनवर) सहज निसटतात. प्रिंटर जोडलेल्या खऱ्या फोनवर, आणि तेही रिलीज बिल्डवर (स्टोअरवर जाणाऱ्या अंतिम बांधणीवर), पाहावे.

१ नोव्हेंबर २०२५पासून आणखी एक अट आली: अँड्रॉइड १५ किंवा वरच्या टार्गेटच्या अपडेटने १६ केबी मेमरी पेज (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा मोठा आकार; आधी ४ केबी) पेलले पाहिजे. रिॲक्ट नेटिव्हमध्ये ही सोय ०.७७ या आवृत्तीपासून आहे, पण फ्रेमवर्क वाढवून भागत नाही. ॲपमधल्या ६४ बिटच्या प्रत्येक एसओ फाइलचे (आधीच बांधलेल्या यंत्रभाषेतील कोडचे) अलाइनमेंट, म्हणजे ती किती केबीच्या पेजसाठी मांडली आहे ते, तपासावे. ऑब्जडंप या तपासणी-साधनाच्या यादीत लोड ओळींपुढे २चा १४वा घात दिसला तर ठीक, १२वा दिसला तर ती फाइल ४ केबीचीच आहे. स्वतःचा कोड असेल तर एनडीके (असा कोड बांधण्याचा अँड्रॉइडचा संच) आर२८ने पुन्हा बांधता येतो. बोटांच्या ठशांच्या यंत्राची बंद एसओ फाइल असेल तर पुरवठादाराकडून नवी मागवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. पुरवठादाराला त्यासाठीचे पत्र पहिल्याच दिवशी धाडावे.

रिॲक्ट नेटिव्हच्या ०.६८ आवृत्तीवरून ०.८२वर एकदम उडी मारू नये. चूक नेमकी कुठे झाली हेच मग कळत नाही. ०.७३ हा पहिला मुक्काम. जावा आणि ग्रेडलची भांडणे तिथे मिटवावीत. दुसरा ०.७६. इथून नवे आर्किटेक्चर (फ्रेमवर्कची नवी अंतर्गत रचना) आपोआप चालू होते, म्हणून आधी ते ग्रेडल प्रॉपर्टीज या फाइलमध्ये बंद ठेवून ॲप चालवावे, मग चालू करून प्रत्येक लायब्ररी पाहावी. ०.८२मध्ये बंद करायची सोयच उरलेली नाही. प्रत्येक मुक्कामी अपग्रेड हेल्पर हे संकेतस्थळ दोन आवृत्त्यांच्या फाइलींतला फरक ओळीगणिक दाखवते. अँड्रॉइड आणि आयओएस दोन्ही फोल्डर त्याच्याशी ताडून घ्यावेत. ०.७६ला किमान अँड्रॉइड ७ लागते, तेव्हा एजंटांचे फोन आधीच मोजावेत. आयफोनसाठी एप्रिल २०२५पासून किमान एक्सकोड (ॲपलचे ॲप बांधण्याचे साधन) १६ सक्तीचे झाले, हेही विसरू नये.

स्टोअरवर आधी ५ टक्के फोनांनाच अपडेट द्यावे. गडबड दिसली तर वाटप थांबवता येते, पण ज्यांच्याकडे ते पोचले त्यांना जुनी आवृत्ती परत देता येत नाही. दुरुस्ती वाढीव व्हर्जन कोडनेच (आवृत्तीच्या आधीपेक्षा मोठ्या क्रमांकानेच) जाते.

देखभालीच्या करारात ‘दोष दुरुस्ती’ लिहिलेले असते, वार्षिक आवृत्तीबदल नसतो. तो वेगळ्या रकमेसह लिहावा. प्ले कन्सोलचे (स्टोअरवर ॲप चढवण्याचे) खाते आणि ॲपवर डिजिटल सही करणारी कीस्टोअर फाइल संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ताब्यात असावी. ठेकेदार बदलताना ही फाइल हरवली आणि प्ले ॲप सायनिंग (सहीची मूळ की गूगलकडे ठेवण्याची सोय) चालू असेल तर अपलोड की (अपडेट चढवतानाची सही) बदलून मिळते. चालू नसेल तर त्या ॲपला अपडेट देता येत नाही. नवे ॲप काढून प्रत्येक सभासदाला ते पुन्हा उतरवायला सांगावे लागते.

— ॲप देखभालीच्या कामातील एक वाचक, सांगली