चित्रापुढे थोडे थांबा

संपादक महोदय,

नागपुरात चित्रप्रदर्शन भरले की दुसऱ्या दिवशी बातमी येते ती उद्घाटनाची. दीप कोणी लावला, व्यासपीठावर कोण होते, सगळे छापून येते. चित्रे जलरंगातली आहेत की तैलरंगातली, हे मात्र क्वचितच. मग नवखा माणूस दालनात शिरतो, चाळीस चित्रांपुढून दहा मिनिटांत फिरतो आणि ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ म्हणून बाहेर पडतो. न कळण्यासारखे त्यात फारसे नसते. कसे पाहायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

उद्घाटनाची संध्याकाळ टाळावी, गर्दीत चित्र दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी जावे. एकट्या चित्रकाराचे प्रदर्शन असेल तर तो बहुधा तिथेच भेटतो. पहिली फेरी कुठेही न थांबता मारावी. परत वळून पाहावेसे वाटले, अशी तीनच चित्रे निवडावीत आणि प्रत्येकाला पाच-पाच मिनिटे द्यावीत. पहिल्या मिनिटात फक्त विषय दिसतो. नजर चित्रात कुठून शिरते, कुठे अडकते, एका कोपऱ्यातला रंग दुसरीकडे पुन्हा कसा येतो, हे त्यानंतर उलगडते.

अंतराचा साधा हिशेब असा: चित्राच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट. दोन फूट बाय तीन फुटांच्या चित्रासाठी साधारण साडेपाच ते सात फूट. तिथून पूर्ण रचना डोळ्यांत मावते. मग हात पाठीमागे बांधून जवळ जावे, कारण बोटांचा घाम आणि तेल कागदाला, रंगाला बाधते. काचेवर दिव्याची चमक येत असेल तर दोन पावले बाजूला सरकावे.

खरी गंमत जवळ गेल्यावर. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग शोधा. ढगाचा किंवा पाण्यावरच्या चमकेचा पांढरा हा बहुतेक वेळा कोराच सोडलेला कागद असतो. कुठे सोडायचा हे चित्रकाराला आधीच ठरवावे लागते, कारण एकदा रंग बसला की तेवढा शुभ्रपणा परत मिळणे कठीण. तैलरंगाचे चित्र तिरके पाहावे. रंगाचे जाड थर आणि ब्रशच्या, सुरीच्या खुणा उठून दिसतात. मुद्राचित्राखाली, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्राखाली, पेन्सिलने ५/२० लिहिलेले असेल तर ती वीस प्रतींच्या आवृत्तीतली पाचवी प्रत, वीसपैकी पाच गुण नव्हेत! कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या छापात चित्राभोवती कागद दाबला गेल्याची कडही दिसते.

भिंतीवरची चिठ्ठी नंतर वाचावी. ‘विरह’ असे शीर्षक आधी वाचले की डोळे विरहच शोधत बसतात. मापात सहसा उंची आधी, रुंदी नंतर असते. चिठ्ठीवर लाल टिकली म्हणजे चित्र विकले गेले.

अमूर्त, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणाऱ्या चित्रापुढे ‘हे काय आहे?’ असे विचारले की वाट बंद होते. कोणता रंग पुढे येतो, कोणता मागे हटतो, तोल कुठे आहे, हे विचारावे. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात आपल्याच शहरातल्या कलाशाळेत शिकले. त्यांच्या ‘बिंदू’पुढे, म्हणजे एका मोठ्या वर्तुळाभोवती रचलेल्या चित्रांपुढे, उभे राहताना हेच प्रश्न उपयोगी पडतात. गोंड आदिवासी कलाकारांच्या चित्रात प्राण्याच्या आकारापेक्षा तो आकार कशाने भरला आहे ते पाहावे. ठिपके, रेघा, खवल्यांसारख्या कमानी ही अनेकदा त्या कलाकाराची स्वतःची ओळख असते. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांच्यापासून ही चित्रे मोठ्या दालनांत पोहोचली, आणि गोंड राजांनी वसवलेल्या नागपुरात ती तरी परकी वाटू नयेत.

आयोजकांना विनंती की चिठ्ठी मराठीतही लावावी, माध्यम आणि वर्ष लिहावे, चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर ठेवावा. त्याहून वर टांगलेले चित्र मान दुखेपर्यंत कोणी पाहत नाही. आणि आपल्या दैनिकाने प्रदर्शनाच्या बातमीत माध्यम, शेवटची तारीख आणि चित्रकार दालनात कधी भेटेल, या तीन गोष्टी छापाव्यात. उद्घाटनाच्या फोटोखाली दोन ओळींची जागा त्याला पुरेल.

– एक कलाशिक्षक, धरमपेठ, नागपूर