किलोमीटर नकोत, स्टिअरिंगवरचे तास छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत गाडीने देश पालथा घालण्याचे आराखडे येऊ लागतात. फोटो सुंदर असतात, ठिकाणांची निवडही चांगली असते. पण पहिला दिवस 780 किलोमीटर, दुसरा 840, तिसरा 'थोडा आरामाचा' म्हणून 650, असे आकडे वाचले की माझा जीव वरखाली होतो. मी निवृत्त वाहतूक नियंत्रक आहे. लांब पल्ल्याच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखणं हेच माझं काम होतं. ज्या अंतराला आम्ही वाटेत दुसरा चालक देत होतो, ते अंतर एका हौशी माणसाने बायका-मुलांना घेऊन एकट्याने, ओळीने चार दिवस कापावं, असं या आराखड्यांत सहज धरलेलं असतं.

आणि वाचक ते खरोखर वापरतात. माझी भाची असंच एक कात्रण घेऊन आली होती. देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत 3,200 किलोमीटर चार दिवसांत, तिथे दोन दिवस मुक्काम, चार दिवसांत परत. गाडीत ती, नवरा, दोन लहान मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई. चालवणार मुख्यतः नवरा, कारण हायवेवर तिचा हात अजून बसलेला नाही. "मामा, मोबाइल तर 820 किलोमीटरला तेरा तासच दाखवतोय," ती म्हणाली.

मी कात्रणाच्या पाठीमागेच आकडेमोड केली. मोबाइल दाखवतो तो गाडीच्या धावण्याचा वेळ. आमच्या कामात धावण्याचा वेळ वेगळा आणि थांब्यांचा वेळ वेगळा मांडायची सवय असते. लहान मुलं आणि वयस्कर माणूस बरोबर असताना वीस-वीस मिनिटांचे पाच थांबे होणारच, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. जेवणाचा एक तास. संध्याकाळी मोठ्या शहरात शिरून हॉटेल सापडेपर्यंत आणखी एक. झाले सोळा तास चाळीस मिनिटं. पहाटे पाचला निघाले, तर पोचायला रात्रीचे नऊ चाळीस. यात पंक्चर नाही, पाऊस नाही, मुलाला गाडी लागणं नाही.

पण मला खरी काळजी होती ती पुढच्या आकड्याची. पाचला निघायचं म्हणजे नवरा साडेतीनला उठणार. रात्री साडेआठला त्याला जागं होऊन सतरा तास झालेले असतील, आणि तेव्हा तो अनोळखी शहराच्या गर्दीत, अंधारात गाडी चालवत असेल. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, हे 1997 सालापासून प्रयोगांत दिसलेलं आहे. कित्येक देशांत मद्यपी चालकासाठी कायद्याची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. दारूला न शिवणारा हा गृहस्थ चारही संध्याकाळी त्या अवस्थेत स्टिअरिंगवर बसणार होता, मागच्या सीटवर स्वतःची मुलं घेऊन. भाची यावर बराच वेळ काही बोलली नाही.

डुलकी म्हणजे मान खाली पडणं, असा पुष्कळांचा समज आहे. डोळे उघडे असतानाही मेंदू चार सेकंद बंद पडू शकतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात 111 मीटर जाते. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याचा उपयोग जेमतेम काही मिनिटं. गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं झोपणं आणि त्याआधी कॉफी घेणं, एवढंच थोडं कामाला येतं, कारण कॉफीचा असर सुरू व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तेसुद्धा पुढच्या मुक्कामापर्यंत पोचण्यापुरतं, आणखी तीनशे किलोमीटर मारण्यासाठी नव्हे.

ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांच्यावर कायद्याने काय बंधनं आहेत, तेही पाहावं. युरोपीय संघात ट्रक आणि बसचालकाला साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबावं लागतं, आणि दिवसाला 9 तासांच्या वर चालवता येत नाही. आठवड्यातून दोनदाच 10 तास चालतात. ब्रिटनची वाहतूक नियमावली साध्या चालकालाही दर दोन तासांनी किमान 15 मिनिटं थांबायला सांगते. मग वर्षातून एकदा हायवेवर येणाऱ्या माणसाला आपण तेरा तास कसे सुचवतो?

गेलेला वेळ वेग वाढवून भरून काढू, हा हिशेबही फसवा आहे. 100 किलोमीटरच्या टप्प्यात ताशी 90 ऐवजी 110 ने गेलं, तर वाचतात फक्त बारा मिनिटं. चहाचा एक थांबा! आमचे जुने चालक उशीर झाला की वेग न वाढवता शांतपणे पुढच्या स्थानकाला कळवत, आणि ते बरोबरच होतं.

अमेरिकेत 1903 साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टरने एका मेकॅनिकला सोबत घेऊन पहिल्यांदा मोटारीने सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क गाठलं, तेव्हा 63 दिवस लागले. 1909 मध्ये 22 वर्षांच्या अ‍ॅलिस रॅमसे यांनी उलट दिशेने तोच पल्ला 59 दिवसांत काढला. सोबत तीन बायका, आणि त्यांतल्या एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. तेव्हा वाट अडायची ती चिखलाने आणि मोडलेल्या गाडीने. आज गाडी थांबत नाही, म्हणून कुठे थांबायचं ते घरून निघतानाच ठरवावं लागतं.

एक गोष्ट आराखड्यांत कधीच दिसत नाही, ती म्हणजे उजेड. पूर्वेकडे सरकाल तसा दर रेखांशाला सूर्य चार मिनिटं लवकर मावळतो. देशभर एकच घड्याळ असेल, तर पंधरा रेखांश पूर्वेला गेल्यावर घरच्यापेक्षा तासभर आधी अंधार पडतो, आणि मुक्कामाची वेळ मात्र आपण घरच्या सवयीने धरलेली असते. माझ्या मते मुक्कामाला उजेडीच पोचावं.

गाडीच्या तपासणीवर तुमच्याकडे पुष्कळ छापून येतं, म्हणून दोनच शब्द. हवा टायर थंड असताना तपासावी, आणि भरलेल्या गाडीसाठी दाराच्या चौकटीवर जो वेगळा आकडा असतो तोच धरावा. टायर कधी बनला ते सांगणारा चार अंकी शिक्का त्यावर असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीचाही तो पाहावा, कारण ती वर्षानुवर्षं कोणी हलवलेली नसते. सासूबाईंसाठी मी भाचीला वेगळं बजावलं. चार तासांहून अधिक सलग बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात आहे. त्या उतरून चालल्या पाहिजेत, मग त्या कितीही "मी बसते, तुम्ही जाऊन या" म्हणाल्या तरी.

शेवटी आम्ही तिचा आराखडा नव्याने मांडला. दिवसाला साधारण 450 किलोमीटर, स्टिअरिंगवर सात-आठ तास, त्याहून जास्त नाही. सात दिवस गाडी, मध्ये एक दिवस गाडीला हात लावायचा नाही, आणि एक दिवस पूर्ण कोरा, काही बिघडलं तर वापरायला. या हिशेबाने दहा दिवसांत एकच बाजू होत होती. तिने रजा दोन दिवसांनी वाढवली, स्वतःची गाडी घरी ठेवून एकमार्गी भाड्याची गाडी घेतली आणि परतीची विमानाची तिकिटं काढली. अशा गाडीला परत नेण्याचा जादा आकार पडतो. तो तिने पेट्रोलच्या आणि मुक्कामाच्या वाचलेल्या पैशांत बसवला. यादीतली चार ठिकाणं गळली. त्यांतल्या एका किल्ल्यासाठी नवरा फार हळहळला, हेही खरं.

माझी विनंती मोठी नाही. यापुढे असा कोणताही आराखडा छापताना प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी द्या: थांबे धरून लागणारे एकूण तास, त्यांतले स्टिअरिंगवरचे तास, आणि चालवणारे किती जण धरले आहेत. आठवड्यामागे एक कोरा दिवस आराखड्यातच दाखवा, म्हणजे वाचक त्याच हिशेबाने रजा टाकतील. पुरवणी छापायला जाण्याआधी कोणाकडून हे आकडे तपासून हवे असतील, तर माझा पत्ता कार्यालयात ठेवलेला आहे. मी ते काम आनंदाने करीन.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक