फोन माझाच होता, विजू

कोल्हापूर, रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय विजू,

दिवाळीआधी तुझा फोन आला होता, मी उचलला नाही. नंतर करते म्हणून मेसेज टाकला आणि केला नाही. रागावली असशील तर रागाव. गुडघा तसाच आहे, शुगर गोळ्यांवर आहे, बाकी बरी आहे. हे फोनवर सांगता येणार नाही म्हणून लिहिते. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझा धीर सुटतो.

नानांना मारलं, विजू. रंकाळ्यावर, भर संध्याकाळी, आपल्याच गावच्या लोकांनी. आणि ज्या फोनमुळे मारलं तो फोन माझा होता.

तीन आठवडे झाले. नाना रोज पाचला परीला घेऊन तांबट कमानीकडून फिरायला निघतात. कानाचं मशीन घरी ठेवतात, कारण तळ्यावरचा वारा मशीनमध्ये शिरला की त्यांना नुसतं सूं सूं ऐकू येतं. तेहतीस वर्षं मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. 2003 ला शाहू मिल बंद पडली तोवर कान गेलेच होते. आपण मिलच्या भोंग्यावर शाळेला निघायचो, ते त्या भोंग्याच्या आत राहायचे. त्या दिवशी परीला फुगा हवा होता. नाना नको म्हणाले, ती रडायला लागली, त्यांनी हाताला धरून ओढली. एवढंच. कुठल्याही आजोबांनी कुठल्याही नातीला ओढलं असतं तसं.

कट्ट्यावर आमचा ओंकार आणि त्याचे तीन मित्र बसले होते. आठवड्यापूर्वी घाटावर गाडी घालू नका म्हणून नानांनी त्यांना झापलं होतं. माझा फोन त्याच्याकडे होता, रिचार्ज मारायला मीच दिलेला. त्यानं 112 लावला आणि सांगितलं, एक म्हातारा लहान मुलगी पळवून नेतोय, मुलगी ओरडतेय. नानांच्या अंगणात गोट्या खेळून मोठा झालेला पोरगा, विजू! मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आत्ती, नुसते पोलीस येतील, नाना गडबडतील, आम्ही व्हिडिओ काढू, एवढंच ठरलं होतं."

पोलिसांची गाडी लगेच आली. यायलाच हवी होती, खरोखर कुणाची पोर पळवली जात असती तर मीच म्हणाले असते की एक मिनिट उशीर का केला. त्यांनी विचारलं, मुलगी कुणाची? नानांना ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. नानांनी घाबरून परीला पोटाशी धरली. भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, बोलत नाही बघा, पोरं पळवणाराच आहे. मग कुणी काही विचारलं नाही. चष्मा फुटला, शर्ट फाटला, डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पोलिसांनीच त्यांना ओढून गाडीत घातलं म्हणून जीव वाचला, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांचा धाकटा मुलगा गोकुळ-शिरगावच्या एमआयडीसीतून शिफ्ट सोडून, आधार कार्ड घेऊन येईपर्यंत दोन तास गेले. परीनं भीतीनं फ्रॉक ओला केला होता.

रात्री आठला मला फोन आला. मॅडम, तुमच्या नंबरवरून 112 ला कॉल झाला होता. मला वाटायचं, असा कॉल इथल्या इथेच लागतो. तसं नसतं. तो आधी नवी मुंबईला नाहीतर नागपूरला जातो, तिथून आपल्या जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला, आणि फोन करणाऱ्याचा नंबर सोबत येतो. मी म्हणाले, रस्त्यात एका अनोळखी मुलानं एक कॉल करू द्या म्हणून फोन मागितला होता, मी दिला. "आता घरात इचारून बघतो," असंही काहीतरी बोलले. (घाबरले की माझं 'करतो' जास्तच बाहेर पडतं. तू पुण्याला जाऊन 'करते' झालीस आणि मला हसायला लागलीस, ते मी विसरलेले नाही.) फोन ठेवला आणि वळून बघितलं तर ओंकार दारात उभा. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. खोटं बोलले तेव्हा मला माहीत नव्हतं. त्याच्याकडे बघितल्यावर कळलं. त्यानंतर तीन आठवडे मात्र मी माहीत असून गप्प आहे.

बाळूला त्याच रात्री सांगितलं. तो डोकं धरून बसला आणि मग म्हणाला, "आता सांगून कुणाचं भलं होणार, ताई? पोराचं बारावीचं वर्ष आहे."

विजू, समोर बाळू बसला होता आणि मला ऐकू तू येत होतीस. शब्दाशब्दानं तेच वाक्य. 1982, एप्रिलची दोन तारीख, तुमच्या माडीचा जिना.

आपण आजवर यावर फक्त भांडलोय. नंबर मी फिरवला, आवाज तू काढलास. तुझं म्हणणं कल्पना माझी, माझं म्हणणं तुझी. कुणाची का असेना. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तुमच्याच घरी फोन, तुझ्या आईनं उचलला आणि शेजारच्या आक्कांना हाक मारली, "आक्का, सीपीआर दवाखान्यातून फोन आहे, सुरेशला गाडीनं उडवलं म्हणतायत." आक्कांचे यजमान आदल्याच वर्षी गेलेले, घरात मुलगा सुरेशशिवाय कोणी नाही. आपण चौदा वर्षांच्या होतो, पण एवढं आपल्याला कळत होतं. आक्का भाकरीच्या पिठाचे हात घेऊन निघाल्या. अनवाणी. शिवाजी पेठेतून महाद्वार रोडनं थेट सीपीआर, एप्रिलच्या दुपारी, डांबर पातळ झालेलं. आपल्याला वाटलं, बोळाच्या तोंडापर्यंत जातील आणि आपण एप्रिल फूल म्हणून ओरडू. ओरडायला आपल्या तोंडातून आवाजच निघाला नाही.

सुरेश पाचला भडंगाची पुडी खात आला. आक्का त्याच्या मागोमाग आल्या. आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याला धरून पायरीवर बसल्या. पीठ कोपरापर्यंत वाळून तडकलं होतं, तळव्यांना फोड आले होते. सगळे वॉर्ड बघून झाल्यावर जिथे प्रेतं ठेवतात त्या दाराशीही त्या विचारून आल्या होत्या, हे मला माझ्या आईकडून कितीतरी वर्षांनी कळलं. तुला मी ते आजवर सांगितलेलं नाही. भांडणात वापरीन म्हणून राखून ठेवलं होतं बहुतेक. आज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, जाऊन पाया पडूया. तू जिन्यात मला अडवलंस. आता सांगून कुणाचं भलं होणार? आणि मी थांबले. तुझ्यावर ढकलत नाही, पाय माझे होते. पुढे तुमच्याकडचा फोन वाजला की आक्का हातातलं काम टाकून दारात यायच्या. सुरेश नोकरीला लागला, त्याला पोरं झाली, तरी यायच्या. 2011 ला त्या गेल्या. तू आली नव्हतीस. मी गेले होते आणि तिथेही गप्प राहिले.

2019 च्या पुरात मी शाळेत मदतीच्या फोनवर बसायचे, तुला लिहिलं होतं. पंचगंगा 55 फुटांच्या वर होती, धोक्याची पातळी 43. एकच आवाज तीनदा आला की अमक्या गल्लीत माडीवर बाळंतीण अडकली आहे. बोट गेली, माडी रिकामी. तेवढा वेळ दुसऱ्या टोकाचं एक म्हातारं जोडपं पत्र्यावर पावसात बसून होतं. त्या आवाजाला मी किती शिव्या घातल्या, विजू. त्या वेळी मला आक्का आठवल्या नाहीत. आता आठवतात.

ओंकारला ही अक्कल एका गेम खेळणाऱ्याच्या व्हिडिओतून आली. अमेरिकेत याला स्वॅटिंग म्हणतात. मी शोधून वाचलं. 28 डिसेंबर 2017, कॅन्सस राज्यातलं विचिटा. गेममध्ये दीड डॉलरच्या पैजेवरून दोघांचं भांडण झालं, एकानं दुसऱ्याला स्वतःचा जुना पत्ता फेकला आणि तिसऱ्यानं लॉस एंजेलिसमधून पोलिसांना खोटं कळवलं की त्या घरात खून झालाय, घरच्यांना ओलीस धरलंय. दार उघडणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. 28 वर्षांचा होता. दारातच गोळी लागून गेला. फोन करणाऱ्याला वीस वर्षं झाली. हे ओंकारला वाचून दाखवलं तर म्हणाला, तिकडं बंदुका असतात आत्ती. मग मी त्याला राईनपाडा सांगितलं. आपल्याच महाराष्ट्रातलं, धुळे जिल्ह्यातलं, 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेकरी. मोबाईलवर पोरं पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या, तेवढ्यावर लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. तिथे कुणाकडे बंदूक नव्हती. तो काही बोलला नाही, जेवलाही नाही.

तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही मी. सोनूचे दिवस भरत आले असतील, डिंकाचे लाडू पाठवते. स्वयंपाकघराच्या फरशीचं काम संपलं का? भाऊजींना नमस्कार.

आता मला झोपू देत नाही ते ऐक. मी नानांकडे दोनदा जाऊन आले. हात गळ्यात बांधलेला, मशीन आता झोपतानाही काढत नाहीत, सूनबाईला ओरडावं लागतं. फिरायला जात नाहीत. परी बाहेरचं कुणी आलं की पलंगाखाली जाते. नाना मला म्हणाले, "कोण असंल गं? माझं काय कुणासंगं वैर न्हाई." आणि मग खाली वाकून हळूच, "त्यो फुगेवालाच असणार. फुगा घेतला न्हाई म्हणून."

मी चहाचा कप हातात धरून बसून राहिले.

आणि ही गोष्ट नानांपुरती राहिली नाही. धाकट्यानं मित्रांना सांगितलं, ते जाऊन फुगेवाल्याला दम देऊन आले, त्याची काठी मोडली. तो बाहेरगावचा, पालात राहणारा, सोबत बायको आणि अंगावरचं पोर. परवा मला तो पंचगंगा घाटावर दिसला. मी दोन फुगे घेतले आणि विचारलं, रंकाळ्यावर दिसत नाही हल्ली? म्हणाला, "तिकडं येऊ देत न्हाईत, ताई. मी काय केलंय तेबी सांगत न्हाईत." ज्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवून रोज हजेरी द्यायला लावायचे आणि ज्यांच्या मागची ती हजेरी शाहू महाराजांनी बंद केली, ज्या फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला आपल्या पदरी ठेवलं, ते शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. आणि माझ्या एका खोट्यामुळे पालातला माणूस पुन्हा न केलेल्याचा धनी झाला. आता सांगून कुणाचं भलं होणार, याचं उत्तर मला त्या घाटावर मिळालं. फुगे घरी आणले नाहीत, तिथल्याच एका पोराला दिले.

वकिलांना विचारलं, नाव न सांगता. नव्या न्याय संहितेचं कलम 217 त्यांनी सांगितलं, वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओंकार सतरा वर्षांचा, म्हणजे बाल न्याय मंडळासमोर जाईल. मी पोलिसांना खोटं सांगितलं त्याचं वेगळं. बाळू दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. रेखा रडते, पण काल रात्री येऊन म्हणाली, "वन्सं, तुम्ही नेणार असाल तर मीबी येतो."

उद्या सकाळी आम्ही तिघं आधी नानांकडे जाणार, तिथून ठाण्यात, आणि मग धाकट्याला सोबत घेऊन घाटावर. ओंकारनं विचारलं, "आत्ती, नाना मला काय करतील?" मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी चौदाव्या वर्षी गेले असते तर आक्कांनी काय केलं असतं, तेही आता कळायची सोय नाही.

सुरेश तिकडे पुण्यातच असतो ना, तुमच्या बाजूला? त्याचा नंबर तुझ्याकडे असेल तर पाठव. मी त्याला फोन करणार आहे. तू सोबत असशील तर तुझंही नाव घेईन, नसशील तर फक्त माझं घेईन. तुला विचारल्याशिवाय घेणार नाही.

तुझी,
सुनंदा